बसल्या जागी शंभर टक्के

“सर, फॉरमॅट मारायला लागेल.”

मंडळी, हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही असा संगणकवाला उभ्या महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. तक्रार काय, तर संगणक हळू चालतो. तपासणी काय, तर टास्क मॅनेजर नावाची एक खिडकी उघडायची, तिच्यात ‘डिस्क’ या शब्दाच्या वर १०० टक्के असा आकडा गडद रंगात दिसला की मान हलवायची. झालं निदान! अंगात १०३ ताप आहे एवढं पाहून डॉक्टरने पेशंटला ‘पाय कापावा लागेल’ असं सांगावं, तसला हा प्रकार आहे. आणि आपण सगळे शहाणे, शिकलेसवरलेले लोक, ‘बरं, कधी मिळेल?’ एवढंच विचारून घरी येतो.

आमच्या नात्यागोत्यात संगणकातलं कळणारी मंडळी काही कमी नाहीत. पण त्यांचे सल्लेही याच जातीचे. एक भाचा म्हणतो, “मामा, फोटो फार झालेत, पुसून टाका.” दुसरा म्हणतो, “तुम्ही काहीतरी नको ते दाबलं असणार.” तिसऱ्याचं म्हणणं, जुना झाला, नवा घ्या. (हिंजवडीकरांनी ह. घ्या.) यातल्या एकानेही ‘डिस्क नक्की कुणासाठी राबते आहे?’ हा प्रश्न विचारला नाही. माझं भांडण आहे ते नेमकं इथे. काहीही चालू नाही, माणूस चहा घेत बसलाय, कळफलकाला हात नाही, आणि तरी डिस्क शंभर टक्के कामात! मग हे काम आहे तरी कुणाचं? यंत्र माझं, वीज माझी, आणि आत कोण राबवून घेतंय ते मला कळू नये, ही गोष्ट मला तरी सहन होत नाही.

आधी तो आकडा म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. शंभर टक्के म्हणजे डिस्क भरली असं नव्हे. जागेचा आणि त्याचा काही संबंध नाही. (डिस्क काठोकाठ भरलेली असली तर संगणकाचे इतर हाल होतात, ते वेगळं.) म्हणून फोटो पुसायला सांगणारा भाचा शून्य मार्कांनी नापास. शंभर टक्के म्हणजे डिस्क फार वेगाने काम करते आहे असंही नव्हे. तो आकडा वेळेचा आहे. मोजलेल्या वेळापैकी किती वेळ डिस्ककडे काही ना काही मागणी पडून होती, एवढंच तो सांगतो.

जुन्या तहसील कचेरीतला दप्तरखाना ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे पटकन कळेल. एक शिपाई. साहेब म्हणाले, अमुक सालचा सात-बारा आण. तो उठला, मागच्या खोलीत गेला, शिडी लावली, गठ्ठा सोडला, कागद काढला, आणून दिला. टेकतोय तोवर अव्वल कारकून म्हणाले, तमुक फेरफार आण. पुन्हा शिडी. दिवसभर हा माणूस एक क्षणही बसलेला नाही, म्हणजे शंभर टक्के कामात. आणि संध्याकाळी मोजाल तर आणलेले कागद वीस! उलट, कुणी त्याला सांगितलं की तो अख्खा गठ्ठाच उचलून आण, तर एका खेपेत पाचशे कागद येतात. कष्ट तेच, पण फरक सगळा मागणीच्या तऱ्हेत.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कचं अगदी हेच आहे. आत चकत्या फिरतात आणि त्यांच्यावर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते. लॅपटॉपमधली चकती साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला झाले ११ मिलिसेकंद. हवी ती जागा दांडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच. त्याआधी दांडी हव्या त्या रांगेवर न्यायला दहा-अकरा. सगळे मिळून एका खेपेला १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला फार तर ६० खेपा. विखुरलेल्या मागण्या असल्या तर एका खेपेत बहुधा ४ केबीचा तुकडा येतो. ६० गुणिले ४, म्हणजे २४० केबी. जी डिस्क सलग वाचायला दिली तर सेकंदाला १०० एमबी सहज देते, तीच विखुरलेल्या मागण्यांपुढे पाव एमबीवर येते, आणि टास्क मॅनेजर दोन्ही वेळा शंभर टक्केच दाखवतो. सातवीतल्या मुलालाही जमेल असं हे गणित आहे. दुकानात ते कुणी करत नाही.

आता मुख्य प्रश्न. आपण काही मागत नसताना या शिपायाला कोण पिटाळतंय?

याचं उत्तर असं की संगणकाच्या दृष्टीने ‘आपण काही करत नाही’ हीच कामाची वेळ असते. विंडोजमध्ये ८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ‘स्वयंचलित देखभाल’ नावाची एक योजना आहे. झाडलोट, विषाणूतपासणी, नव्या सुधारणांची तयारी, डिस्कची आवराआवर, अशी सगळी कामं तिच्यात येतात. विंडोज १० मध्ये तिची नेमलेली वेळ आहे पहाटे २! आता मला सांगा, आपल्याकडे पहाटे दोन वाजता कुणाच्या घरी संगणक चालू असतो? आपण रात्री गॅसचा कॉक बघतो, कडी लावतो आणि संगणकाचं भिंतीवरचं बटणही बंद करून झोपतो. विजेचं बिल आहे, पावसाळ्यात विजा आहेत, आणि मुळात चालू वस्तू तशीच टाकून झोपणं हे आपल्या संस्कारातच बसत नाही. मग पहाटेचं काम राहतं. राहिलं की ते पुढच्या रिकाम्या वेळेवर ढकललं जातं, आणि ती रिकामी वेळ म्हणजे तुमचा चहा. तुम्ही उठलात की ते सुरू होतं. तुम्ही परत येऊन बसलात की बहुतेक वेळा ते आवरतं घेतं, पण हलक्या यंत्रावर चार-पाच मिनिटं त्याचे पडसाद राहतातच. तोवर तुम्ही एका चिन्हावर पाचदा टिचकी मारलेली असते, आणि त्या पाचही टिचक्या रांगेत उभ्या राहतात.

ज्याने ही वेळ ठरवली त्याच्या डोळ्यांसमोर रात्रभर चालू राहणारा संगणक होता. त्याच्याकडे तसं असेल. पण तोच संगणक परभणीत आणि पेडण्यात विकताना, ‘बाबांनो, आठवड्यातून एकदा हा दोन-तीन तास चालू ठेवून त्याच्या वाटेला जाऊ नका’ एवढं एक वाक्य छापायला काय पैसे पडत होते? मी या वाक्याच्या जोरावर तीन घरचे संगणक सुधारलेत. एकाही ठिकाणी स्क्रू खोलावा लागला नाही.

आणखी एक गंमत. ‘शट डाउन’ म्हटलं की संगणक पुरता बंद होतो असं आपण धरून चालतो. २०१२ पासून तसं राहिलेलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल (आणि बऱ्याच यंत्रांत तो मुळातूनच चालू असतो) तर यंत्रणेचा गाभा जशाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. म्हणजे कालचा गोंधळ आज पुढे चालू. पूर्ण नवा आरंभ हवा असेल तर ‘रीस्टार्ट’ करावा लागतो. ‘बंद करणे’ म्हणजे अर्धवट बंद करणे आणि ‘पुन्हा सुरू करणे’ म्हणजे खरं बंद करणे! पन्नास वर्षांपूर्वी मराठी घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला शब्दांशी केलेला हा खेळ आवडत नाही, त्याला इलाज नाही.

बरं, आत कोण राबतंय ते बघायची सोय यंत्रात आहे का? आहे, आणि माझा राग त्यामुळे आणखी वाढतो. ‘रिसोर्स मॉनिटर’ नावाची खिडकी विंडोजच्या सात नंबरच्या आवृत्तीपासून प्रत्येक संगणकात फुकट बसलेली आहे. तिच्यातल्या डिस्कच्या पानावर कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल वाचतो, कुठली लिहितो, सेकंदाला किती आणि उत्तर मिळायला किती मिलिसेकंद लागतात, हे सगळं दिसतं. आमच्या घरच्या संगणकाची ही खिडकी मी सलग दोन दुपारी उघडी ठेवून बसलो. वही घेतली आणि दर दहा मिनिटांनी नोंद केली. (शाळेतली हजेरी घ्यायची सवय जात नाही.) तर वरच्या नंबरात कोण निघालं? संगणक घेताना दुकानदाराने कौतुकाने ‘एक वर्ष फ्री’ म्हणून घालून दिलेला अँटिव्हायरस! वर्ष कधीच संपलेलं. कामापुरता तो मेलेला होता, पण रोज दुपारी उठून सगळी डिस्क उलथीपालथी करायचं काही सोडत नव्हता. तो काढल्यावर त्या वेळची डिस्क शंभरावरून पाच-सातावर आली. ज्या दुकानाने तो घातला त्याच दुकानाने मला फॉरमॅट सांगितला होता, बरं का. फॉरमॅटनंतर त्यांनी पुन्हा ‘एक वर्ष फ्री’ घातला असता, यात मला शंका नाही.

पण ही खिडकी उघडली तरी सगळ्यांना वाचता येते असं नाही. तिथली नावं बघा. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’. ‘सिसमेन’. (हे ‘सुपरफेच’चं नवं नाव, २०१८ मध्ये बारसं झालं. तुम्ही कुठले प्रोग्रॅम वापरता ते हेरून आधीच आणून ठेवण्याचं त्याचं काम.) ‘सर्च इंडेक्सर’. ‘मायक्रोसॉफ्ट कंपॅटिबिलिटी टेलिमेट्री’. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी ‘सर्व्हिस होस्ट’, जे एका नावाखाली अनेक कामं घेऊन बसलेलं असतं. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात ‘किरकोळ’ नावाचं खातं असतं ना, तसं. सगळा खर्च तिथे, आणि विचारलं तर किरकोळ. २०१७ च्या आवृत्तीपासून, रॅम साडेतीन जीबीच्या वर असेल तर ही कामं बऱ्याच अंशी वेगवेगळी दाखवतात, हे मान्य करतो. पण इतकी वर्षं ते एकत्र ठेवून काय साधलं, हे विचारायचा हक्क ग्रामसभेला आहे की नाही?

इथे दुसरी बाजूही ऐकून घेतो. माझ्या एका वाचकमित्राने (ब्लॉगकरच, स्वतः संगणकातले) मला लिहिलं की ही सगळी कामं तुमच्याच भल्याची आहेत. विषाणूतपासणी नको का? सुरक्षेच्या सुधारणा नकोत का? शोध चटकन लागावा म्हणून सूची नको का? हवं, सगळं हवं! मी कधी नको म्हणालो? वर्गात शिपाई नोटीस घेऊन येतो ते शाळेच्या भल्याचंच असतं, पण तो दारात उभा राहून ‘सर, येऊ का?’ म्हणतो. भल्याचं काम आहे म्हणून खडू हातातून ओढून घेत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ टाका: ‘विषाणूतपासणी चालू आहे, अंदाजे वीस मिनिटं लागतील.’ मराठीत टाका, ते तुम्हाला येतं, विंडोजचा मराठी चेहरा कधीचा तयार आहे. आमच्या एस. टी. स्टँडवर लागलेली गाडी कुठली आणि सुटणार कधी हे भोंग्यावरून सांगतात, ते पुष्कळदा कळत नाही, पण सांगतात तरी.

आणि सगळंच भल्याचं असतं असंही नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा त्याच्या होम आणि प्रो आवृत्त्यांत अशी सोय मुळातूनच चालू होती की तुमच्या संगणकावर उतरलेल्या सुधारणांचे तुकडे इंटरनेटवरच्या दुसऱ्या अनोळखी संगणकांना पुरवले जावेत. म्हणजे डिस्क माझी, नेटपॅक माझा, आणि पाणपोई दुसऱ्याच्या नावाची. आपल्या वापराची माहिती गोळा करून कंपनीला धाडण्याबद्दल फ्रान्सच्या माहिती संरक्षण आयोगाने २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली, आणि नेदरलँड्सच्या तशाच यंत्रणेने ऑक्टोबर २०१७ मध्ये विंडोज १० कायदा मोडतं असा निष्कर्ष काढला. या सगळ्या काळात कंपनीने बदल केले, पडद्यावर प्रश्न विचारायला सुरुवात केली, फ्रान्सची नोटीसही मिटली. म्हणजे विचारलं की सुधारतात. फ्रेंच आणि डच लोकांनी विचारलं. आपण काय विचारतो, तर ‘फॉरमॅटचे किती घेणार?’

यूट्यूबवरच्या वैद्यांवर थोडं बोलायला हवं, कारण माझे बरेचसे नातेवाईक सध्या त्यांच्या औषधावर आहेत. ‘शंभर टक्के डिस्कवर रामबाण उपाय’ असा व्हिडिओ लावायचा आणि तो सांगेल ती ती सेवा बंद करत जायचं. सिसमेन बंद, सूची बंद, अपडेट बंद, डिफेंडर बंद. फरक पडतो का? पडतो ना! घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं की घर शांत होणारच. जुन्या फिरत्या डिस्कवर सिसमेन बंद करून पाहण्यात काही गैर नाही, पटलं नाही तर परत चालू करता येतं. सूचीचंही तसंच, शोध हळू लागेल एवढंच. पण अपडेट आणि डिफेंडर कायमचे बंद करून ज्या संगणकावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, तो संगणक तुम्ही रस्त्यावर कुलूप न लावता उभा केलेला आहे. हे दोन उपाय एका यादीत शेजारी शेजारी ठेवणाऱ्या माणसाला मी औषधांच्या दुकानात झाडू मारायलाही ठेवणार नाही.

आता जे सांगतो ते जरा सावकाश वाचा.

आमचे एक निवृत्त सहकारी आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. आठ वर्षं ते आमच्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर हिंडून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत होते. सुरुवातीला वह्यांत, मग लॅपटॉप घेतल्यावर थेट त्याच्यावर. अकराशेच्या वर ओव्या, प्रत्येकीखाली बाईचं नाव, गाव, माहेर आणि ती ओवी तिने कुणाकडून ऐकली ते. लॅपटॉप हळू झाला. फाइल उघडायला दोन-दोन मिनिटं लागू लागली, मधूनच टक्-टक् आवाज येई. दुकानात दिला. दुकानात खिडकी उघडली, शंभर टक्के बघितले, फॉरमॅट मारला. डिस्कवरचं सगळं पुसून विंडोज नवं घातलं, साडेसातशे रुपये घेतले. ‘आत काही महत्त्वाचं आहे का?’ एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही.

दहा दिवसांत तो पुन्हा तसाच झाला, कारण आजार विंडोजचा नव्हताच. डिस्क मरत होती. तिच्यातले खराब झालेले कप्पे वाचता येत नव्हते, ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती, आणि तोच प्रयत्न शंभर टक्क्यांच्या रूपाने दिसत होता. मला बोलावलं तेव्हा रिसोर्स मॉनिटरमध्ये उत्तराचा काळ हजारो मिलिसेकंद दिसत होता. धडधाकट डिस्कला दहा-वीस लागतात. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, ‘स्मार्ट’ म्हणतात तिला. ती वाचून दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकटचा जपानी प्रोग्रॅम आहे. त्याने एका मिनिटात सांगितलं की डिस्क वाईट अवस्थेत आहे. तेच एक मिनिट दुकानात दिलं असतं तर पहिलं काम झालं असतं ते फाइली दुसरीकडे उतरवून घेण्याचं. ते न करता त्यांनी त्या आजारी डिस्कवरच नवं विंडोज लिहिलं, म्हणजे पाटी पुसून तिच्यावर नवी अक्षरं काढली. जे तुकडे परत काढता आले त्यांत शंभरसव्वाशे ओव्या निघाल्या. वह्यांतल्या चारशे आहेतच. बाकीच्या गेल्या. ज्यांनी त्या सांगितल्या त्या बायकांपैकी बहुतेक आता नाहीत.

‘बॅकअप का नव्हता?’ हा प्रश्न तुमच्या ओठांवर आलेला मला दिसतोय. तो त्यांना पुष्कळ जणांनी विचारून झाला आहे. मी तो विचारणार नाही. दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा सुई टोचण्याआधी ‘कशाची अ‍ॅलर्जी आहे का?’ म्हणून विचारतो. जो पैसे घेऊन दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतो त्याने विचारायचं असतं.

शंभर टक्क्यांचा तिसराही एक प्रकार असतो, तो थोडक्यात सांगतो. आकडा शंभर, आणि वाचन-लेखन मात्र जवळजवळ शून्य. कुठलाच प्रोग्रॅम दोषी नाही, डिस्कची तब्येतही उत्तम. काही यंत्रांतल्या डिस्क-नियंत्रकाच्या अंगभूत प्रोग्रॅममध्ये चूक आहे, आणि विंडोजच्या स्वतःच्या ‘स्टोअरएएचसीआय’ चालकाबरोबर त्याचं जमत नाही. निरोप देण्याची एक विशिष्ट पद्धत (एमएसआय म्हणतात) चालू असली की मागण्या अडकून पडतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने हे लेखी मान्य करून ती पद्धत रजिस्ट्रीतून बंद करायची रीत दिलेली आहे. रजिस्ट्रीला मात्र जाणत्याशिवाय हात लावू नये. हे असलं दुखणं फॉरमॅटने बरं होण्याचा संबंधच नाही, विंडोज दहा वेळा घातलं तरी दहा वेळा तेच.

म्हणजे एका आकड्यामागे फुकट राबणारा मेलेला अँटिव्हायरस असू शकतो, राहून गेलेली झाडलोट असू शकते, मरणारी डिस्क असू शकते किंवा कारखान्यातली चूक असू शकते. आणि पाचवं कारण सगळ्यांत सर्रास आढळणारं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. ते म्हणजे विकणाऱ्याची लबाडी.

खोक्यावर काय छापलेलं असतं? ‘१ टीबी’. मोठ्या अक्षरात. आपण म्हणतो, वा, हजार जीबी! त्या डिस्कला सेकंदाला साठ खेपा जमतात, हे कुठे छापलेलं असतं? कुठेच नाही. सॉलिड स्टेट डिस्क, म्हणजे एसएसडी, तिच्यात फिरणारं काही नसतं. एका मागणीला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा, आणि सेकंदाला हजारोंनी मागण्या. ती खिशाला परवडण्याजोगी झाल्यावरही कितीतरी वर्षं आपल्याकडे चार जीबी रॅम आणि ५,४०० फेऱ्यांची डिस्क घातलेले लॅपटॉप ‘विद्यार्थ्यांसाठी खास’ म्हणून विकले गेले. रॅम चार जीबी असली की ती भरते, भरली की यंत्रणा उरलेलं सामान डिस्कवर ठेवते आणि लागेल तसं परत आणते. म्हणजे आधीच धावणाऱ्या शिपायाच्या डोक्यावर साहेबांच्या टेबलाचाही भार. अशा यंत्राला पहिल्या दिवसापासून शंभर टक्के दिसणारच होते. ते विकणाऱ्याला ठाऊक होतं आणि घेणाऱ्याला नव्हतं. मला तरी याला दुसरा शब्द सापडत नाही.

हे सगळं आत्ता लिहायला कारण आहे. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत बारा संगणक आहेत. सगळ्यांवर शंभर टक्के. तपासायला आलेल्या माणसाने ‘कालबाह्य’ असा शेरा मारला, आणि आता त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे भंगारात काढण्याचा, ठराव समितीपुढे यायचा आहे. नव्या संगणकांसाठी पैसे नाहीत, ते ‘येतील’. तोवर पोरं संगणक हा विषय फळ्यावर शिकतील. फळ्यावर मी चाळीस वर्षं पुष्कळ शिकवलं, पण माउस कसा धरायचा ते फळ्यावर शिकवता येत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, हा समितीतल्या एका सभासदाचा मुद्दा खरा आहे. त्यावर माझं उत्तर असं, की मुलांना टंकायला, हिशेब मांडायला आणि चित्र काढायला विंडोजच लागतं असं कुणी सांगितलं? लिनक्स फुकट आहे, मराठी त्याला येतं, आणि सुधारणा मिळत राहतात. राहिली डिस्क. बारा एसएसडींचा खर्च एका नव्या लॅपटॉपच्या किमतीहून फार पुढे जात नाही.

बारापैकी एका संगणकाला मी पदरमोड करून एसएसडी बसवून घेतली आहे, बाकी यंत्र तेच, रॅमही तीच. तो सुरू होऊन लिहायला तयार व्हायला ३८ सेकंद लागतात. शेजारच्याला ४ मिनिटं १० सेकंद. दोन्ही एकाच टेबलावर ठेवलेत, बटणांना चिकटपट्टीने १ आणि २ असे आकडे लावलेत. समितीची बैठक येत्या शनिवारी त्याच खोलीत आहे. ज्यांना ठरावावर सही करायची आहे त्यांनी आधी दोन्ही बटणं दाबावीत, असं मी मुख्याध्यापकांना लेखी कळवलं आहे.